ई-रिक्षाचा कंट्रोलर चढावरच का जळतो?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राजवाडा, जेल रोड, मालवा मिल, पाटनीपुरा या भागांतल्या ई-रिक्षांबद्दल इंदुरात जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक कोंडीबद्दल आणि थांब्यांबद्दल. ते व्हायलाच हवे. पण या गाड्यांचा एक प्रश्न निखळ अभियांत्रिकीचा आहे आणि तो सोडवण्याची साधने याच शहरात आहेत. गाडी सपाट रस्त्यावर महिनोन्महिने नीट चालते. मग एखाद्या पुलाच्या चढावर, सवाऱ्या भरलेल्या असताना, थांबून पुन्हा निघते आणि कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज हवी तेवढीच मोटरला देणारा डबा, जळून जातो. चालक नवा बसवतो, तोही तिथेच जातो. ‘माल हलका होता’ हे दुरुस्तीवाल्याचे उत्तर अर्धेच खरे आहे.

हिशेब मांडून पाहावा. रिकामी ई-रिक्षा साधारण ३५० किलोची. नियमाप्रमाणे चार प्रवासी आणि चालक मिळून आणखी ३५० धरू, म्हणजे ७०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर टायरचा रोध शंभर न्यूटनच्या आसपास असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना हवेचा रोध धरून चाकाशी सातशे ते साडेसातशे वॉट लागतात, आणि मोटर-गिअरमधली घट धरली तर ४८ व्होल्टच्या बॅटरीतून १९-२० अँपिअर. एवढ्यात कोणताही कंट्रोलर तापत नाही.

आता शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता घ्या. गाडी मागे खेचणारे बल ३४३ न्यूटन, टायरचा रोध मिळवून सुमारे ४४५. चाकाची त्रिज्या २३ सेंटिमीटर, डिफरन्शियलचे (मोटर आणि चाकांमधल्या गिअरचे) गुणोत्तर १० आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर मोटरच्या शाफ्टवर ११ न्यूटन-मीटरपेक्षा थोडा अधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. तीन हजार फेऱ्यांना ४६ व्होल्ट देणारी मोटर दर अँपिअरला सुमारे ०.१४६ न्यूटन-मीटर देते. म्हणजे गाडी चढावर नुसती हलायच्या बेतात आणायला मोटरच्या वाइंडिंगमधून (तारेच्या वेटोळ्यांमधून) ७८ अँपिअर जावे लागतात. चाक फिरत नसल्यामुळे मोटरचा उलट व्होल्टेज (फिरताना ती स्वतः तयार करते तो, करंटला विरोध करणारा) शून्य असतो. वाइंडिंग आणि मॉस्फेट (कंट्रोलरमधले विजेची उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मिळून ३० मिलीओहम रोध धरला तर या ७८ अँपिअरला जेमतेम सव्वादोन-अडीच व्होल्ट पुरतात. कंट्रोलर ४८ व्होल्टचे तुकडे पाडून तेवढेच पुढे देतो, त्यामुळे बॅटरीच्या वायरमधून त्या क्षणी फक्त चार अँपिअर वाहतात.

सगळा घोटाळा या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. स्वस्त कंट्रोलरमध्ये करंट मोजणारा एकच शंट (अगदी लहान रोध) असतो आणि तो बॅटरीच्या ऋण वायरवर असतो. त्याला ४ अँपिअर दिसतात, ७८ दिसत नाहीत. चालकाने घाईने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला तर कंट्रोलर आपल्या मर्यादेपर्यंत, समजा ३० अँपिअरपर्यंत, बिनधास्त जातो. थांबलेल्या मोटरमध्ये ४८ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर, म्हणजे १,४४० वॉट, निव्वळ रोधात जिरवायचे तर वाइंडिंगचा करंट २१९ अँपिअर निघतो. मोटरच्या तीन फेजना (वाइंडिंगच्या तीन संचांना) प्रत्येकी दोन, अशा सहा जागी मॉस्फेट असतात. मोटर फिरत असताना सहाही जागांचे मॉस्फेट आळीपाळीने काम करतात. थांबलेली असताना तेच दोन फेज आणि त्याच दोन जागा सगळा भार सोसत राहतात. प्रत्येक जागी पाच मिलीओहमचे दोन मॉस्फेट समांतर असले, तरी तापल्यावर त्यांचा रोध दीडपटीपेक्षा जास्त होतो आणि एकेका जागेवर दोनशे वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. तळहाताएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यातून ती काही सेकंदांतही बाहेर पडू शकत नाही. ‘मर्यादा तर तीसच अँपिअरची होती, मग जळला कसा’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

यावर बाजारात होणारा उपाय म्हणजे जास्त मॉस्फेटचा, ५० अँपिअर मर्यादेचा कंट्रोलर बसवणे. त्याने मॉस्फेट वाचले तरी वाइंडिंगचा करंट आणखी वाढतो आणि मोटर जळते. लेड-अ‍ॅसिड काढून ५१.२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी लावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. जुनी बॅटरी मोठ्या करंटला ४३-४४ व्होल्टपर्यंत खाली बसायची आणि नकळत कंट्रोलरला वाचवायची. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी; ती बसत नाही. तिचा पूर्ण चार्जचा व्होल्टेज ५८.४ असतो, म्हणून कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) ६३ व्होल्टचे असतील तर तेही बदलून किमान ८० किंवा १०० व्होल्टचे घालावेत.

खरा उपाय म्हणजे फेजचा करंट मोजणे. प्रत्येक फेजच्या खालच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूच्या, मॉस्फेटखाली अर्ध्या मिलीओहमचा शंट घातला तर १५० अँपिअरला ७५ मिलीव्होल्ट मिळतात, पण ११ वॉट वाया जातात. हॉल पद्धतीचा (चुंबकीय क्षेत्रावरून मोजणारा) करंट सेन्सर महाग, मात्र त्यात ही घट नाही. शंट घेतला तर मोजणी खालचा मॉस्फेट चालू असण्याच्या काळाच्या मधोमध व्हायला हवी. १६ किलोहर्ट्झच्या स्विचिंगला एक चक्र ६२.५ मायक्रोसेकंदांचे, कडेला मोजले तर स्विचिंगचा गोंगाटच मोजला जातो आणि मर्यादा भलत्याच वेळी लागू होते. थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) डब्याच्या झाकणाला न चिकटवता मॉस्फेटच्या स्क्रूशेजारी बसवावा, ८० अंशांपासून फेज करंटची मर्यादा उतरवत १०० अंशांना शून्यावर आणावी. इंदूरचा मे महिना ४२ अंशांचा असतो, आणि सीटखालच्या बंद पेटीत त्याहून बराच जास्त.

इथे संशोधनाला खरा वाव आहे. अमेरिकी अभियंते आर. एच. पार्क यांनी १९२९ साली मांडलेल्या रूपांतरावर उभे असलेले फील्ड ओरिएंटेड कंट्रोल आज साध्या मायक्रोकंट्रोलरवर चालते. टॉर्क देणारा करंट वेगळा काढून त्यालाच थेट मर्यादा घालता येते, त्यामुळे वरचा प्रश्न मुळातच सुटतो. अडचण निघतानाच्या क्षणी येते. मोटरमधले तीन हॉल सेन्सर रोटरची (फिरणाऱ्या भागाची) जागा फक्त ६० विद्युत अंशांच्या टप्प्यांत सांगतात. गाडी फिरू लागली की मधल्या जागा वेळेवरून काढता येतात. थांबलेली असताना ३० अंशांपर्यंत चूक राहते आणि तेवढ्याच करंटला टॉर्क १३ टक्क्यांपर्यंत कमी मिळतो. चढावर नेमका तोच कमी पडतो. म्हणून निघताना हॉलच्या टप्प्यांनुसार फेज बदलणारी जुनी सहा टप्प्यांची पद्धत आणि थोड्या वेगानंतर फील्ड ओरिएंटेड, अशी जोड द्यावी लागते. ती जोड देताना बसणारा हिसका कमी कसा करायचा आणि चढावर गाडी क्षणभर मागे घरंगळली तर हॉलचा क्रम उलटा होतो तो कसा ओळखायचा, हे सोडवायला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वर्ष पुरणार नाही इतके काम आहे.

त्याउलट ब्रेक लावताना वीज परत मिळवण्यावर जेवढे प्रकल्प होतात तेवढे या गाडीसाठी गरजेचे आहेत असे आम्हाला वाटत नाही. सातशे किलोची गाडी ताशी २० वरून थांबते तेव्हा तिच्यात एकूण ऊर्जा असते ३ वॉट-तास. त्यातली ४० टक्के बॅटरीत पोचली तर १.२. दिवसाला शंभर थांब्यांचे १२० वॉट-तास होतात, आणि ४८ व्होल्ट १२० अँपिअर-तासांची बॅटरी ५,७६० वॉट-तासांची असते. दोन टक्क्यांसाठी एक धोका मात्र पदरात पडतो: वीज परत येत असतानाच एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) पडला किंवा लिथियम बॅटरीच्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) वाट तोडली, तर ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये जाऊन व्होल्टेज उसळतो आणि मॉस्फेट फुटतात. ही सोय ठेवायचीच असेल तर व्होल्टेज ठरावीक पातळीवर गेला की ब्रेकचा टॉर्क ताबडतोब काढून घेणारी तरतूद आधी हवी.

दुरुस्तीच्या टपरीवर उपयोगी पडेल असे थोडे. नवा कंट्रोलर लावताना रंगाला रंग जोडून काम भागत नाही. मोटर आणि कंट्रोलर वेगवेगळ्या कारखान्यांतले असतील तर पिवळा-हिरवा-निळा जुळेलच असे नाही. तीन हॉल आणि तीन फेज यांच्या ३६ जुळण्या होतात, त्यांतल्या सहाच बरोबर, तीन पुढे नेणाऱ्या आणि तीन मागे. फसवणाऱ्या जुळण्या अशा असतात की मोटर फिरते, पण कुरकुरत फिरते आणि दुप्पट-तिप्पट करंट खाते. म्हणून चाक उचलून, बिनभाराचा करंट मोजल्याशिवाय गाडी सोडू नये. तो थोड्या अँपिअरपलीकडे जात असेल तर जुळणी चुकली आहे. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, साधा एसी क्लॅम्प इथे शून्य दाखवतो. चाक हाताने फिरवताना अडखळत असेल तर तिन्ही फेज वायर सोडवून, एकमेकींना लागू न देता पुन्हा फिरवावे. मोकळे झाले तर कंट्रोलरचे मॉस्फेट शॉर्ट, तरीही अडखळले तर वाइंडिंग. ही परीक्षा एका मिनिटाची आहे आणि चांगली मोटर उगाच उघडली जाणे तिने टळते. बॅटरी जोडताना ठिणगी पडते ती कपॅसिटरमुळे. शंभर ओहमच्या रोधातून आधी दोन-तीन सेकंद भरून मग मुख्य जोड द्यावी. आणि चालकांनी सिग्नलला चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, ब्रेकवर धरावी. वरचा ७८ अँपिअरचा हिशेब त्याच क्षणाचा आहे.

आता प्रयोगशाळेबद्दल. १९५२ पासूनची एसजीएसआयटीएस आणि देवी अहिल्या विद्यापीठाची आयईटी ही अभियांत्रिकी महाविद्यालये, सिमरोलची आयआयटी, शिवाय पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग असलेले नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र, एवढे सगळे एका शहराच्या अंगणात फार कमी ठिकाणी सापडेल. या प्रश्नाला वेगमार्ग लागत नाही, एक टेबल लागते. दोन सारख्या मोटरी शाफ्टला शाफ्ट जोडून दुसरी जनरेटर म्हणून चालवायची आणि तिची वीज डायोड ब्रिजमधून दोन ओहमच्या नायक्रोम रोधात जिरवायची, ही नेहमीची मांडणी हजार वॉटपर्यंत चांगली चालते. पण जनरेटर फिरला नाही तर भारही देत नाही. त्यामुळे चढावरची सुरुवात या टेबलावर कधी घडतच नाही, आणि कंट्रोलर ‘पास’ होतो. म्हणून शाफ्टला पाव मीटरचा पोलादी हात बसवून त्याचे टोक लोड सेलवर (बल मोजणाऱ्या सेन्सरवर) टेकवावे. अडवलेल्या शाफ्टवर कमी ड्यूटीपासून (प्रत्येक चक्रात मॉस्फेट चालू असण्याच्या कमी प्रमाणापासून) हळूहळू चढत टॉर्क, फेज करंट, बॅटरी करंट आणि मॉस्फेटचे तापमान एकाच वेळी नोंदवावे, प्रत्येक वेळी पाच सेकंदच, मध्ये थंड होऊ देत. शाफ्ट हॉलच्या टप्प्याच्या मधोमध आणि कडेला, अशा दोन्ही जागी अडवावा; आकडे वेगळे येतात. चालू असताना एक हॉल वायर काढून पाहावी: तिन्ही सिग्नल एकाच वेळी शून्य किंवा एकाच वेळी पाच व्होल्ट ही अवस्था निरोगी मोटरमध्ये येत नाही, ती दिसताच कंट्रोलरने हात आखडता घ्यायला हवा. बरेच तसे करत नाहीत.

आवाजावरून बिघाड ओळखण्याचे कामही इथे होऊ शकते. उच्चारांच्या अभ्यासात आवाजाचे स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणती वारंवारता किती, हे दाखवणारे आलेख) काढतात, तेच तंत्र मोटरला लागू पडते, पण जसेच्या तसे नाही. बोलण्यासाठी २५ मिलिसेकंदांची खिडकी (एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा) घेतात. तिच्यात ४० हर्ट्झपेक्षा जवळच्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत. चार ध्रुवजोड्यांच्या मोटरची मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सहा टप्प्यांची गुणगुण १,२०० हर्ट्झला येते, तर आठ गोळ्यांच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगचा बिघाड शाफ्टच्या साधारण तिप्पट, दीडशेच्या आसपास. त्याच्या बाजूच्या रेषा पकडायला अर्ध्या सेकंदाची खिडकी हवी, आणि तेवढ्या वेळात ई-रिक्षाचा वेग स्थिर राहत नाही. तोड सोपी आहे: ध्वनिमुद्रणाच्या एका वाहिनीवर मायक्रोफोन आणि दुसरीवर, व्होल्टेज नीट कमी करून, हॉलचा सिग्नल घ्यावा, मग वेळेऐवजी फेऱ्यांच्या पटीत आलेख काढता येतो आणि वेग बदलला तरी रेषा सरळ राहतात. ध्वनिशास्त्र आणि विद्युत या दोन विभागांनी एकत्र बसून करावे असे हे काम आहे.

आमची मागणी मोठी नाही. शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाने असे एक टेबल उभारावे आणि आठवड्यातून एक दिवस ते चालकांसाठी व मिस्त्रींसाठी उघडे ठेवावे. जळालेला कंट्रोलर आणणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: बॅटरीचा प्रकार, गाडी थांबलेली होती की चालू, रस्ता चढाचा होता की सपाट, आणि पाऊस होता का. डबा उघडून कोणत्या जागेचा मॉस्फेट गेला, कपॅसिटर फुगला होता का, उष्णतेची पेस्ट होती की नाही, याची छायाचित्रासह नोंद व्हावी. कारखान्याचे नाव वगळून ही नोंद दर तीन महिन्यांनी जाहीर करावी आणि परिवहन कार्यालयालाही द्यावी, म्हणजे सुटा कंट्रोलर विकताना त्यावर बॅटरी करंटसोबत फेज करंटची मर्यादाही छापलेली असावी असा आग्रह आकड्यांनिशी धरता येईल.

आपले,
विद्युत अभियांत्रिकीत काम करणारे काही वाचक,
इंदूर