कॅमेऱ्यांच्या तुलनेत लेन्सही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या पुरवण्यांतून फुलफ्रेम कॅमेऱ्यांची जी तुलना छापून येते, ती बहुधा मेगापिक्सेल आणि बॉडीची किंमत यांपाशीच थांबते. फुलफ्रेम म्हणजे सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग); तो या सगळ्यांकडे असतो आणि आज नामांकित कंपन्यांपैकी एकीचाही सेन्सर वाईट म्हणता येत नाही. बॉडी काही वर्षांत बदलली जाते, चांगली लेन्स मात्र वीस वर्षेही साथ देते. म्हणून कोणत्या माउंटवर (बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या कड्यावर; प्रत्येक कंपनीचे ते वेगळे असते) कोणत्या लेन्स मिळतात, हे वाचकाला आधी कळायला हवे.

सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनाशुल्क खुली केली आणि २०१३ मध्ये त्याच माउंटवर फुलफ्रेम ए७ आणला. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या तुलनेने स्वस्त एफ/२.८ झूम लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त) तिथे भरपूर मिळतात, त्या यामुळेच. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे दोन्ही माउंट २०१८ चे. निकॉनने टॅमरॉनला परवानगी दिली. कॅननने मात्र २०२४ मध्ये सिग्मा व टॅमरॉन यांना परवाना दिला, तोही लहान एपीएस-सी सेन्सरच्या लेन्सपासून सुरुवात करत. कॅननच्या स्वतःच्या लेन्स उत्तम आहेत, पण लग्नाची कामे नुकतीच घेऊ लागलेल्या तरुणाला हा फरक खिशात जाणवतो. मोठ्या छिद्राच्या लेन्ससाठी माउंटचा व्यास रुंदच हवा, यावरून होणारे वाद मला निरर्थक वाटतात, कारण या तिघांत सर्वांत अरुंद अशा सोनीच्या माउंटवरही ५० मिमी एफ/१.२ लेन्स २०२१ पासून उपलब्ध आहे.

जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांनी तर अधिकच जपून निवड करावी. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या माउंटवर बसवणारा जोड) लावला की ऑटोफोकस चालतो. निकॉनच्या एएफ-डी लेन्सच्या धातूच्या कड्यावर मात्र स्क्रूच्या डोक्यासारखी एक बारीक खाच दिसते. बॉडीतली मोटर तिच्यात पाते अडकवून लेन्स फिरवते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटरच नाही. म्हणजे ८०-२०० एफ/२.८ डी सारखी दणकट लेन्स या अडॅप्टरने झेड कॅमेऱ्यावर हातानेच फोकस करावी लागते. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. निकॉनची १८०-६०० मिमी आणि सोनीची २००-६०० मिमी या दोन्ही लेन्स झूम करताना लांबीने वाढत नाहीत, पण वजन दोन किलोच्या वर जाते. कॅननची १००-५०० सुमारे दीड किलोची आहे, भिगवणच्या होडीत ती हातात धरून तासन्‌तास काम करता येते. मात्र ५०० मिमीवर तिचे छिद्र एफ/७.१ इतकेच उघडते आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) वाढवावा लागतो. मी स्वतः हलकी लेन्सच निवडेन, कारण थकलेल्या हातांनी नेम साधत नाही.

तेव्हा यापुढे अशी तुलना छापताना प्रत्येक बॉडीसोबत तिची एक सर्वसाधारण झूम, एक पोर्ट्रेट लेन्स आणि एक टेलिफोटो यांची किंमत व वजन द्यावे, आणि इतर कंपन्यांचे पर्याय मिळतात की नाही तेही लिहावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक हौशी छायाचित्रकार, पुणे