रेवदंड्याविषयी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अलिबागपर्यंत आल्यावर आणखी पुढे रेवदंड्याला कशासाठी यायचे, हा तुझा प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

अलिबागच्या दक्षिणेस सतराएक किलोमीटरवर, सह्याद्रीतून निघून कोलाड-रोह्यावरून येणारी कुंडलिका समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर काठावर आमचे गाव वसले आहे. समोर कोर्लईची डोंगरसोंड पाण्यात घुसलेली आहे. या सोंडेने खाडीला आडोसा दिला आणि आडोशामुळे शेजारच्या चौलचे बंदर झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी लेखनात ते 'सेमिल्ला' या नावाने येते. रेवदंड्याचा इतिहास चौलपासून तोडता येत नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

दख्खनच्या सुलतानांना घोडे समुद्रापलीकडून आणवावे लागत आणि त्या व्यापाराचे चौल हे एक मोठे दार होते. म्हणूनच पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन इथे उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत देईन, असे बजावले; एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीमुळे निकितिनची सुटका झाली. त्याचे स्मारक गावात आहे, तेवढे चुकवू नकोस.

पोर्तुगीज आले ते याच खाडीसाठी. मार्च १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी त्यांना इथे गाठले, तेव्हा व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज निसटता निसटता मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो तिथेच मारला गेला. एवढ्या मोठ्या सत्तेचे जहाज कोळ्यांच्या खुंटांनी धरून ठेवावे, ही गोष्ट मला साऱ्या तहांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण या खाडीची खरी जाण कोणाला होती हे तीत दिसते.

पुढे १५२१ पासून पोर्तुगीजांनी कोट उभारला, १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाचा दीर्घ वेढा सोसला आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा किल्लाही घेतला. वसई पडल्यावर १७४० च्या तहाने हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, तरी कोर्लईतल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली आजही घरोघरी बोलली जाते.

बंदर मात्र लढाईने बुडाले नाही. खाडीचे मुख गाळाने उथळ होत गेले, तर १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती असलेल्या मुंबईच्या खोल बंदराकडे मोठी गलबते वळली. जाळी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या तेवढ्या इथे राहिल्या. अलिबागचा रस्ता आजही तट भेदून गावात शिरतो. वाड्यांमधून पडक्या चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोरा डोकावतात. भिंतींच्या सांध्यांत वडाची मुळे शिरून चिरे सुटत चालले आहेत आणि त्यांची निगा राखायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

तेव्हा ये. भरती-ओहोटीची वेळ पाहून ओहोटीला पोहोच, म्हणजे तटाच्या पायथ्याने किनाऱ्यावरून चालता येईल. मग साळावच्या पुलावरून कोर्लईला जाऊ आणि वर किल्ल्यावरून खाडीचे मुख तुला नीट दाखवीन. दिवस कळव.

तुझा,
रेवदंड्याचा मित्र