खिडकी आधीपासूनच उघडी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रोजच्या प्रार्थनेवरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुणी टिंगल करत असेल तर चार दिवस मनातल्या मनात प्रार्थना करावी, उगाच लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये, असा सल्ला लेखकमहाशयांनी दिला आहे, आणि तोही बायबलातल्या दानीएलाचं नाव घेऊन! गोष्ट शेवटपर्यंत वाचायला वेळ मिळाला नसावा.

राजाखेरीज दुसऱ्या कुणाची प्रार्थना करेल त्याला सिंहांच्या गुहेत टाकायचं, या दारयावेश राजाच्या फर्मानाची मुदत होती तीस दिवस. (लेखात चाळीस छापलंय. असो.) तेवढा महिना दानीएल गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण सही झाल्याचं कळल्यावर तो घरी गेला आणि नेहमीसारखे दिवसातून तीनदा गुडघे टेकले. यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्याच होत्या. तिथलं यहुद्यांचं मंदिर इ.स.पू. 586 मध्येच जमीनदोस्त झालेलं, तरी तोंड तिकडेच. त्याच्यावर टपून बसलेल्या अधिकाऱ्यांना त्याच्या कारभारात काही सापडत नव्हतं, म्हणून तर त्यांनी प्रार्थना हेरली.

लेखक मत्तयाच्या शुभवर्तमानातला 6 वा अध्याय, येशूची शिकवण, पुढे करतात : खोलीत जा, दार लावून घे. बरोबर आहे. पण तो इशारा लोकांनी पाहावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना होता. दानीएलाने खिडकी कुणाला दाखवायला उघडली नव्हती, ती रोजचीच होती. त्या दिवशी लावली असती, तर मात्र ते लोकांसाठी केलेलं झालं असतं.

आता 'टिंगलीने खऱ्या श्रद्धेला काय फरक पडतो' या वाक्याबद्दल. लेखकांनी कधी कचेरीत नोकरी केली आहे का, कोण जाणे. मी केली, लेखनिकाची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी टेबलावर कोपर टेकून डोळे मिटायचो. शेजारचे सहकारी बरोबर तेव्हाच फायलींचा गठ्ठा धाडकन आपटायचे. 'वर लाइन लागली का?' हा विनोद तर इतका जुना झाला की हसणारेही कंटाळले. एकदा कुणीतरी माझा डोळे मिटलेला फोटो काढून कचेरीच्या ग्रुपवर टाकला, खाली ओळ : 'कामाच्या वेळेत समाधी'. दुपारी साहेबांनी बोलावून लेखी खुलासा मागितला. फोटोत माझ्या मागे भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ दिसत होतं, सुट्टीचीच वेळ दाखवणारं. मी खुलाशात एवढंच लिहिलं की कृपया घड्याळ पाहावे. साहेब त्यावर काही बोलले नाहीत. फोटो टाकणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, तो खुलासा मात्र माझ्या फायलीत लागला तो लागलाच. निवृत्तीपर्यंत मी त्याच टेबलावर, त्याच वेळी डोळे मिटत राहिलो. फरक पडत नाही म्हणे! पडतो. मान खाली घातली की कान आपोआप टवकारतात, आता कोण काय आपटणार म्हणून. प्रार्थना अर्धी त्यातच जाते. तरी करायची असते, एवढंच.

ज्यांच्या घरातच विरोध आहे, नवरा किंवा सासू समोर बसून नाक मुरडते, त्यांना तर सुट्टी संपण्याचीही सोय नाही. त्यांच्यासाठी लेखात दोन ओळी हव्या होत्या. त्याऐवजी 'शांत संगीत लावावे' हा सल्ला मिळाला. धन्य!

जाता जाता, लेखाशेजारच्या चित्रात दानीएल काळ्याभोर केसांचा तरुण दाखवला आहे. इ.स.पू. 605 च्या सुमारास पोरवयात बंदिवान होऊन बाबेलला (म्हणजे बॅबिलोनला) नेलेला हा माणूस. बाबेल पडलं 539 मध्ये आणि सिंहांची गुहा त्याच्याही नंतरची. म्हणजे वय ऐंशीच्या आसपास किंवा पुढेच. चित्रकाराला थोडा पांढरा रंग पुरवावा.

तीस दिवसांची दुरुस्ती छापाल अशी आशा आहे. आणि हे पत्र कापायचंच असेल तर वरचा नमस्कार कापा. मागच्या वेळी नमस्कार ठेवून मुद्दा कापला होता.

आपला,
एक निवृत्त लेखनिक