बारा गावांचा कौल

प्रिय मनोज,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं चांगलंच जुंपलं. "डोंगरात देव आहे म्हणून खाण थांबवायची, मग ॲल्युमिनियम आणायचं कुठून?" असं म्हणालास. नियमगिरीत काय घडलं ते आधी ऐक.

ओडिशात रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर. डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा इथला. डोंगराच्या माथ्यावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा त्यांचा दंडक. म्हणून वरचं रान टिकलं, त्यात हत्ती टिकले. उतारावर हे लोक हळद, अननस, फणस पिकवतात. ज्यापासून ॲल्युमिनियम मिळतं ते बॉक्साइट खनिजही नेमकं माथ्यावरच. तोच थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि भर उन्हाळ्यात झऱ्यांना सोडतो. देव, पाणी, खनिज, सगळं एकाच जागी! वेदांता कंपनीच्या लांजीगडच्या कारखान्यासाठी हाच माथा खणायचा होता.

१८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नियमराजाच्या पूजेच्या हक्काला खाणीमुळे धक्का बसतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. आधार होता २००६ च्या वनहक्क कायद्याचा. डोंगरात शंभरावर वस्त्या, पण राज्य सरकारने सभांसाठी बाराच निवडल्या. (माझ्या मते खरी मेख तिथेच होती.) जुलै-ऑगस्टमध्ये सभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला, एकही फुटलं नाही. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. पुढे ओडिशा सरकार पुन्हा न्यायालयात गेलं, तेही २०१६ मध्ये हात हलवत परतलं.

ॲल्युमिनियम लागतं, हे मला मान्य; माझ्या घराच्या खिडक्याही त्याच्याच आहेत. लांजीगडचा कारखाना कायमचा बंद पडला नाही, त्याला बॉक्साइट दुसरीकडून येतं. आता तिकडच्याच सिजिमाळी डोंगरावरून तंटा पेटलाय. खाणीला संमती देणारे ग्रामसभांचे ठराव बनावट आहेत, असा गावकऱ्यांचा आरोप आहे. माझं म्हणणं इतकंच, की विचारायचं त्यांना आणि 'नाही' म्हणाले तर ते खरं मानायचं.

आणि ओडिशाच कशाला? आपल्या गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे आणि त्याच डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघतात. आम्हाला कुणी विचारलं नाही, ही तिथल्या लोकांची तक्रार. 'मावा नाटे मावा राज' (आमच्या गावात आमचंच राज्य) म्हणणारं मेंढा-लेखा हे गाव याच जिल्ह्यातलं, हे विशेष.

जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा असते. सुट्टी काढता आली तर कळव, मी येतो बरोबर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास