घड्याळाकडे बोट दाखवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटवर तुमचं नाव आहे, पत्ता नाही. म्हणून हे जाहीर पत्र. सदाशिव पेठेतल्या खुल्या स्पर्धेत, तिसऱ्या फेरीला काळी मोहरी घेऊन तुमच्यासमोर बसलेली दहा वर्षांची मुलगी माझी.

ती कॅरो-कान हा काळ्याचा बचाव खेळली. दोन वर्षं क्लासमध्ये तेच घोकून घेतलं होतं. पटावरच्या घरांच्या नावांनी सांगायचं तर सी-६, डी-५, पांढऱ्याचं प्यादं ई-५ला गेलं की उंट एफ-५वर, मग ई-६. का, ते कुणी सांगितलं नाही. विचारलं की "आधी पाठ कर." हरून रडली की सगळ्यांदेखत "रडक्यांचा हा खेळ नाही." ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या पुण्यात लेकरांना असं शिकवतात, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही चौथी चाल एच-४ केलीत. तिने पाठ केलेलं ई-६ केलं. मग जी-४, एफ-३, एच-५ करत तुमची प्यादी चालून आली आणि सातव्या चालीला तिचा उंट कोंडला. रडू फुटलं. त्या भरात तिने पुढची चाल केली आणि घड्याळ दाबायचंच विसरली. वेळ तिचा जात होता, तुमचं काहीच बिघडत नव्हतं. तरी तुम्ही हळूच बोटाने घड्याळ दाखवलंत आणि नजर पुन्हा पटावर वळवलीत. पालकांना आत सोडत नाहीत. हे मला तिने कोथरूडच्या बसमध्ये सांगितलं. "आई, ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, म्हणून मला डोळे पुसता आले."

काका, मी तिथेच अडकले आहे. समोरच्याचं रडू न पाहण्याइतकं शहाणपण किती थोड्या माणसांकडे असतं!

डाव तुम्हीच जिंकलात. मग बाहेरच्या पायऱ्यांवर पट मांडलात. १९६१च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तालने बोट्विनिकविरुद्ध हीच एच-४ खेळली होती, हे तिला सांगितलंत आणि विचारलंत, "उंटाला परतायला घर कुठलं ठेवशील?" उत्तर सांगून टाकलं नाहीत. ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली, तुम्ही थांबलात. शेवटी तिने कडेचं प्यादं एकच घर सरकवलं. एच-६. उंटासाठी एच-७ मोकळं. बोट्विनिकनेही तेच केलं होतं म्हणालात, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला.

क्लास आम्ही सोडला. पुढच्या स्पर्धेत तिला पुन्हा काळी मोहरी हवीत, आणि समोर तुम्ही.

तुमची ऋणी,
तिची आई