सर, तुम्ही विचारलंत म्हणून

आदरणीय सर,

हे पत्र मुलाला विचारूनच लिहिते आहे. त्याची एक अट आहे, नाव नको. त्याचंही नको आणि तुमचंही.

गेल्या पावसाळ्यात त्याने आपली बॅट शाळेतल्या एका लहान मुलाला देऊन टाकली. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली बॅट, तेल लावायलासुद्धा कुणाच्या हातात न देणारा हा मुलगा. मला वाटलं, अकरावीचा अभ्यास मनावर घेतला. बरंच वाटलं मला, हे लिहिताना आज हात थांबतो. रात्र रात्र जागणं, ताटावरून उठणं, धाकटीवर खेकसणं, या सगळ्याला माझं एकच उत्तर होतं: वयच तसं आहे. या वयातलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही, चिडचिडीतून दिसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

तुम्हाला मात्र ती बॅट दुसऱ्याच्या हातात दिसली आणि तुम्ही त्याला मैदानावर बोलावून घेतलंत. दहावीनंतर तो तुमचा विद्यार्थीही राहिला नव्हता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सरळ विचारलंत, "जीव द्यावासा वाटतो का रे तुला?"

माझ्या तोंडून हा प्रश्न कधीच निघाला नसता. नाव काढलं तर नसतं काही डोक्यात भरेल, ही भीती. पण विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, असंच आजवरचे अभ्यास सांगतात. कोंडलेल्याला उलट वाट मिळते. तो "हो" म्हणाला आणि मग तासभर बोलत राहिला. कॉलेजातले मार्क, तुटलेली मैत्री, पैशांवरून आमची दोघांची होणारी भांडणं. कारण एक नव्हतंच.

"आईबापाचा तरी विचार कर" असं तुम्ही म्हणाला नाहीत. मी नक्की म्हटलं असतं, आणि त्याला आणखीच अपराधी वाटलं असतं. कुणाला सांगू नका, असं तो म्हणाला तेव्हा खोटं वचनही दिलं नाहीत: "हे मी लपवणार नाही. पण आईला सांगताना तू माझ्या शेजारी असशील." मी पोचेपर्यंत तुम्ही पायरीवरून हलला नाहीत. तिथूनच टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावलात. पलीकडच्या ताई मराठीत, सावकाश बोलल्या. घरातली आणि शेतावरची औषधं कुलपात, किल्ली माझ्याकडे, त्याला एकटं ठेवायचं नाही. ती तीव्र वेळ बहुतेकदा थोडीच असते, तेवढी निभवायची असते, हे मला त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहताना मोबाइलवर आकडे वाचले. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थी आत्महत्येने गेले. त्यातले 1,764 आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. यातल्या किती जणांना कुणी तुमच्यासारखं विचारलं असेल, एवढंच मनात येत राहिलं.

उपचार अजून चालू आहेत. वाईट दिवस येतात. पण आता तो स्वतः ओट्यापाशी येऊन म्हणतो, "आई, आज बरं नाही वाटत." मग मी गॅस बंद करते आणि आम्ही बसतो.

बॅट त्या छोट्याने आपणहून परत आणून दिली, नवी ग्रिप बसवून. रविवारी माझा मुलगा सरावाला येईल तेव्हा त्याच्याबरोबर पोहे पाठवते. डबा परत करायची घाई करू नका.

तुमच्या विद्यार्थ्याची आई