काकांच्या नावाची शंभर झाडं

पुणे,
१२ जुलै

प्रिय सतीश,

तुझं पत्र मिळालं. काकांच्या नावाने वेताळ टेकडीवर शंभर झाडं लावायची, खर्च तुझा आणि रोपं-खड्डे-पाणी माझ्याकडे, असा तुझा बेत. काकांनी आपल्याला त्या टेकडीवर किती हिंडवलंय! म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहितो, झाडं नकोत. चिडू नकोस, पुढे वाच.

उघडी दिसते म्हणजे टेकडी ओसाड, असं आपण शाळेपासून धरून चाललो. अरे, ती मुळातच गवताची. मधूनमधून सालई, मोई, मेढशिंगी, हिवर, बाकी सगळं गवत. काही दशकांपूर्वी तिला ‘हिरवी’ करायला गिरिपुष्प नावाचं परदेशी झाड लावलं, थेट मेक्सिकोकडचं. ते भराभर वाढलं, पसरलं. आता त्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही आणि गवत गेलं की चंडोल पक्षीही जातो. रातवा पक्षी तर घरटंच बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. त्याने जायचं कुठे?

परवा खाणीच्या तळ्याकडून वर चढलो. वाटेच्या कडेला काळी मुसळी फुलली होती, सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी, इतकी खाली की बघायला उकिडवं बसावं लागतं. तिच्यापासून दोन वितींवर एका कंपनीने गेल्या पावसाळ्यात खणलेला खड्डा. आत वडाचं वाळून काटकी झालेलं रोप, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढता पुरलेलं. फोटो मात्र झकास निघाले असणार.

२०२३ च्या एप्रिलमधल्या मोर्चाबद्दल तू विचारलंस. हजारो लोक उतरले होते. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे बोगदे नकोत, एवढीच मागणी. रस्त्याचा वाद जुनाच. (गाड्यांसाठी टेकडी फोडू नका म्हणायला बरीच मंडळी गाडीनेच आली होती, हे आपलं तुला म्हणून सांगतो.) लोकांना पाण्याचा मुद्दा लगेच पटला. टेकडीच्या भेगाळ कातळातून पाऊस मुरतो आणि खालच्या वस्त्यांच्या भूजलात जातो. पण रस्त्याविरुद्ध एकत्र येणं सोपं, गवतासाठी कोण येतो?

आमचा गट लहान आहे. पावसाने जमीन मऊ झाली की रविवारी वनखात्याला विचारून गिरिपुष्पाची कोवळी रोपं मुळासकट उपटतो. मोठी झाडं तशीच ठेवतो. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला हात लावतो, नाहीतर कुणाच्या तरी विडीने उतारच्या उतार जळतो. मोरांना फरसाण घालणाऱ्यांशी हुज्जत घालणं हेही एक कामच.

आमच्यात एक आजोबा आहेत. कित्येक वर्षं पहाटे खांद्यावर कॅन घेऊन झाडांना पाणी घालत आले. मला पहिल्यांदा रोप उपटताना पाहून ओरडले, “अहो, जिवंत झाड उपटता? लाज नाही वाटत?” मी गवताचं पुराण सुरू केलं, तर म्हणाले, “ऐन मे महिन्यात बसायला सावली तुमचं गवत देतं का?” काय बोलणार? सावलीला गिरिपुष्प खरंच चांगलं आहे. अजून आजोबा उपटायला येत नाहीत, पण मुसळीभोवतीची वाट दगड मांडून त्यांनीच वळवली.

तेव्हा पैसे द्यायचेच असतील तर हातमोजे, कुदळी आणि जाळरेषेच्या मजुरीसाठी दे. पाटी लागणार नाही, हे आत्ताच सांगतो. काकांच्या नावाचं एक झाड हवंच असेल तर तुमच्या सोसायटीच्या आवारात मेढशिंगी लाव, रोप मी आणून देतो. काकूंना हे पटेल असं वाटत नाही, त्यांच्याशी मीच बोलेन.

दिवाळीत येशील तेव्हा वर जाऊ. जाड पँट घालून ये, कुसळं तयार झालेली असतील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद